गमीजचं पाकीट आणि ‘इश्यू २’चं मत

ताई, नमस्कार.

आम्ही ओहायोत, कोलंबसजवळ राहतो. हे आणि मी दोघंही आता इथले नागरिक. ७ नोव्हेंबर २०२३ला आमच्याकडे ‘इश्यू २’ या प्रस्तावावर मतदान आहे: २१ वर्षांवरच्यांना गांजा कायदेशीर करावा आणि त्यावर कर लावावा की नाही. गेला महिनाभर जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नाही. ह्यांचं म्हणणं, ‘आपल्या घरातून होयला एकही मत जाता कामा नये.’ पोस्टाने मत द्यायचे अर्जही आणून ठेवलेत. ‘कागद आले की दोघांचे मीच भरून टाकतो,’ म्हणतात. मुलगा २३ वर्षांचा, इथेच जन्मलेला, इंजिनिअर आहे, नोकरी करतो. तो म्हणतो, ‘शंकराला चालतं ते बाबांना का चालत नाही?’ नणंदेचा मुलगाही आमच्याकडेच राहतो. इथे एमएस केलं, या ऑक्टोबरपासून त्याचा एच-वन-बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा, सुरू झाला. दसऱ्याच्या पूजेसाठी गाड्या धुतल्या, तेव्हा मुलाच्या गाडीत गमीजचं, म्हणजे गांजा घातलेल्या चघळायच्या गोळ्यांचं पाकीट सापडलं, शेजारच्या मिशिगन राज्यातल्या दुकानातलं, तिथे गांजा कायदेशीर आहे. ऑगस्टमध्ये दोघं मिळून गेले होते म्हणे. भाचा हसत म्हणाला, ‘मामी, टेन्शन नको घेऊस, दोन आठवड्यांत सगळं लीगल होतंय.’ डिसेंबरात तो लग्नासाठी पुण्याला जाणार आहे, तेव्हाच मुंबईत पासपोर्टवर व्हिसाचं स्टँपिंग. ह्यांना मी अजून काही बोललेले नाही. मी मत काय द्यावं? आणि वन्संच्या कानावर घालावं का?

– एक मामी

मामी,

मताचं नंतर बोलू. ७ तारखेला अजून अवकाश आहे. तुमच्या पत्रातली खरी घाई मतपत्रिकेवर नाही, गाडीत सापडलेल्या पाकिटात आहे, आणि त्यातही तुमच्या मुलापेक्षा भाच्याची.

‘दोन आठवड्यांत सगळं लीगल’ हे वाक्य तुमच्या मुलाच्या तोंडी एक वेळ खपेल. भाच्याच्या बाबतीत ते साफ खोटं आहे. इश्यू २ भरघोस मतांनी जिंकला तरी खोटंच राहील. ओहायोचे मतदार बदलू शकतात तो ओहायोचा कायदा. व्हिसा, ग्रीन कार्ड, नागरिकत्व हे सगळं वॉशिंग्टनच्या हातात, आणि वॉशिंग्टनच्या १९७०च्या कायद्यात गांजा आज, २०२३मध्येही पहिल्या यादीत आहे, हेरॉइनच्या शेजारी. तिथून तो खालच्या यादीत न्यावा अशी शिफारस आरोग्य खात्याने ऑगस्ट २०२३मध्ये केली आहे खरी, पण शिफारस म्हणजे निर्णय नव्हे. २३ राज्यांनी ऑक्टोबर २०२३पर्यंत गांजा मोकळा केला. त्या २३ राज्यांतल्या एच-वन-बीवाल्यांसाठी काहीही बदललेलं नाही.

तेच एक पाकीट, तीच एक गोळी, आणि दोन मुलांच्या वाट्याला काय येतं ते बघा. ओहायोत १९७५ पासून आजवर, २०२३पर्यंत, १०० ग्रॅमच्या आतला गांजा सापडला तर जास्तीत जास्त १५० डॉलर दंड होतो, तुरुंग नाही. (गोळ्या, तेल, अर्क यांचे आकडे वेगळे आणि जास्त कडक आहेत, तेवढं मुलालाही सांगा.) तुमचा मुलगा इथला नागरिक आहे. त्याची फार तर बोलणी खाण्यावर आणि दंडावर सुटका होईल. भाच्याचं तसं नाही. परदेशी माणसाला अमेरिकेत प्रवेश नाकारायला कोर्टात गुन्हा सिद्ध झालेला असावा लागतो असं बहुतेकांना वाटतं. ते खरं नाही. अमली पदार्थांच्या कायद्याचा भंग केल्याची अधिकाऱ्यासमोर रीतसर कबुली दिली, तरी तेवढ्यावर दार बंद होऊ शकतं. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने गप्पांच्या ओघात विचारलं, ‘मिशिगनला गेला होतास? मग घेतलंस का काही?’ आणि आपल्या पोराने प्रामाणिकपणे, हसत, ‘हो, पण तिथे लीगल आहे’ असं सांगितलं, तर त्यातला ‘लीगल’ हा शब्द तो अधिकारी लिहून घेणार नाही. ‘हो’ तेवढं लिहील.

डिसेंबरची फेरी म्हणूनच नाजूक आहे. तो इथे नुसता राहिला असता तर गोष्ट निराळी. देशातून बाहेर काढण्याच्या नियमात स्वतःपुरत्या, एकदाच सापडलेल्या ३० ग्रॅमपर्यंतच्या गांजाला थोडी सूट आहे. बाहेर जाऊन परत आत येणाऱ्याला ती तशी सरळ मिळत नाही. आणि स्टँपिंगसाठी डीएस-१६० हा व्हिसाचा अर्ज भरावा लागतो. त्यात स्वच्छ प्रश्न आहे: अमली पदार्थांविषयीचा कोणताही कायदा तुम्ही कधी मोडला आहे का? तिथे खोटं लिहिलं तर ती फसवणूक. तिची शिक्षा मूळ प्रकरणापेक्षा मोठी, कधी कधी कायमची बंदी. खरं कसं लिहायचं, किती लिहायचं, मुळात ऑगस्टमध्ये जे घडलं ते कायद्याच्या भाषेत नेमकं काय ठरतं, हे मी सांगू शकत नाही, तुम्ही सांगू शकत नाही आणि त्याच्या ऑफिसातला तो सगळ्यांना सल्ले देणारा सीनियरही सांगू शकत नाही. इमिग्रेशनचा वकील सांगू शकतो. कंपनीचा वकील नव्हे. तो कंपनीचं हित बघतो. स्वतःचा, स्वतःच्या पैशाने, तासाभरासाठी गाठलेला. डीएस-१६० भरायच्या आधी. हे याच आठवड्यात व्हायला हवं.

त्याला बसवून बोला, पण सगळ्यांसमोर नको. लेक्चर देऊ नका. ‘तू व्यसनी झालास’ असं काही म्हणालात तर तो कानात इअरफोन घालील, आणि खरं म्हणजे ऑगस्टमध्ये एकदा मिशिगनला गेला म्हणून कुणी व्यसनी होत नाही. सरळ म्हणा: ‘तुझा कायदा ओहायोचा नाही, व्हिसाचा आहे. ग्रीन कार्ड मिळेपर्यंतच नाही, तर नागरिकत्वाची शपथ होईपर्यंत तुला हे चालणार नाही. ऑगस्टचं काय करायचं ते वकिलाला विचार, फी मी देते.’ शेवटची चार अक्षरं महत्त्वाची आहेत. नव्या नोकरीतल्या मुलाला वकिलाची फी उगाचचा खर्च वाटते.

शपथेपर्यंत म्हणाले ते उगाच नाही. ग्रीन कार्डासाठी वैद्यकीय तपासणी होते, तिथे डॉक्टर विचारतात, आणि अलीकडच्या काळात घेतलेल्या गांजावरूनही अर्ज अडकू शकतो. पुढे नागरिकत्वाच्या वेळी ‘सचोटीचं वर्तन’ बघतात. एप्रिल २०१९मध्ये इमिग्रेशन खात्याने लेखी सांगून टाकलं की राज्यात कायदेशीर असलं तरी गांजाचा वापर त्या सचोटीच्या आड येऊ शकतो, आणि गांजाच्या धंद्यात नोकरी केली असेल तर तीसुद्धा. ही दुसरी गोष्ट आयटीतल्या आपल्या मुलांना कुणी सांगत नाही. उद्या ओहायोत दुकानं उघडली की त्यांना बिलिंगचं सॉफ्टवेअर लागेल, हिशेब लागतील, वेबसाइट लागेल. एखादा कन्सल्टंट भाच्याला तिथे पाठवायला निघाला तर आधी त्याच वकिलाला फोन.

आणखी दोन बारीक गोष्टी. क्लीव्हलंडच्या बाजूला कायाहोगा व्हॅली नॅशनल पार्क आहे, मुलं तिथे ट्रेकला जातात. ती जमीन केंद्राची. तिथे इश्यू २ लागू नाही, आज नाही, जिंकल्यावरही नाही. दुसरं, भारतात येताना बॅगेत, पर्सच्या चोरकप्प्यात, व्हिटॅमिनच्या बाटलीत, कुठेही असली गोळी येता कामा नये. आपल्याकडे अमली पदार्थांविरुद्धचा १९८५चा एनडीपीएस कायदा आहे. मुंबईच्या विमानतळावर ‘मिशिगनमध्ये पावती मिळाली होती’ हे कुणी ऐकून घेत नाही.

आता तुमचा मुलगा. तो नागरिक आहे म्हणून निवांत, पण पूर्ण निवांत नको. इश्यू २ मंजूर झाला तरी नोकरी देणाऱ्याला चाचणी घ्यायचा, नापास झाल्यास काढून टाकायचा हक्क तसाच राहतो. मसुद्यात तसं लिहिलेलंच आहे. इंजिनिअर आहे म्हणता. डेटनजवळ राइट-पॅटरसन हवाई दलाचा तळ आहे आणि त्याच्या भोवती कंत्राटी कंपन्यांच्या चांगल्या नोकऱ्या. तिथे सुरक्षेची तपासणी होते आणि फॉर्मवर गांजाचा प्रश्न असतो. गाडी चालवण्याचा नियमही बदलणार नाही. घेऊन चालवली तर गुन्हा तो गुन्हाच. शिवाय भाच्याला गाडीत घालून मिशिगनहून माल राज्याच्या हद्दीपार आणला तो यानेच. राज्याची हद्द ओलांडली की प्रकरण केंद्राच्या कायद्यात जातं. स्वतःला फार तर दंड होईल या हिशेबात त्याने शेजारी कोण बसलंय याचा विचार केला नाही. त्याला रागवायचंच असेल तर एवढ्या एका गोष्टीवरून रागवा, आणि जोरात रागवा.

आणि ते पाकीट अजून घरात असेल तर कुठे आहे ते पक्कं ठाऊक करून घ्या. लक्ष्मीपूजन १२ तारखेला. त्याच्या आगेमागे तुमच्याकडे फराळाला माणसं येणार, त्यांची मुलं तळघरात खेळणार, गॅरेजमधल्या फ्रीजमधून ज्यूस काढणार. या गमीज लाल-हिरव्या, साखर लावलेल्या, चार वर्षांच्या पोराला गोळीच वाटेल अशा. अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडे सहा वर्षांखालच्या मुलांनी असल्या गोष्टी खाल्ल्याच्या २०१७मध्ये २०७ नोंदी झाल्या होत्या. २०२१मध्ये ३,०५४. मोठ्यांचीही एक गडबड होते: ओढलेला गांजा मिनिटांत चढतो, खाल्लेला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत कधीही. ‘काहीच होत नाही’ म्हणून माणूस दुसरी खातो, तिसरी खातो, आणि मग रात्री ९११. मूल असेल तर वाट बघू नका. विषबाधा केंद्राचा नंबर १-८००-२२२-१२२२, देशभर एकच. मूल पेंगुळलेलं किंवा श्वासाला जड वाटलं तर सरळ ९११.

हे झालं घरातलं. आता मत.

ह्यांचं आणि मुलाचं दोघांचंही बोलणं वाचून मला वाटलं की प्रस्ताव कुणीच वाचलेला नाही. शंकराला दोघांनीही सोडून द्यावं. महाशिवरात्रीची भांग पानांची असते. एनडीपीएस कायद्याने गांजाच्या व्याख्येत शेंडे धरले, पानं वगळली. तरी महाराष्ट्रात भांगसुद्धा १९४९च्या दारूबंदी कायद्याच्या कक्षेत येते, परवान्याशिवाय नाही. तेव्हा ‘आपल्या संस्कृतीत आहेच’ आणि ‘आपल्या संस्कारात बसत नाही’ ही दोन्ही वाक्यं कोलंबसच्या मतपेटीत उपयोगाची नाहीत. संस्कृतीतून उदाहरण हवंच असेल तर मी वेगळं देईन. १८९३मध्ये इंग्रज सरकारने हिंदुस्थानात गांजा, भांग, चरस यांची चौकशी करायला आयोग नेमला. त्याने गावोगावचे मिळून ११९३ साक्षीदार ऐकले आणि सात खंडांचा अहवाल दिला. निष्कर्ष काय? सरसकट बंदी नको. परवाने द्या, कर लावा, अति होणार नाही असं बघा. तुमच्या डायनिंग टेबलावरचा वाद सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याकडे होऊन गेला आहे, आणि तेव्हाही सरकारचा एक डोळा महसुलावर होताच.

प्रस्तावात आहे ते असं. २१ वर्षांवरच्या माणसाला अडीच औंस गांजा किंवा १५ ग्रॅम अर्क जवळ ठेवता येईल. घरी एका माणसामागे सहा झाडं, एका घरात जास्तीत जास्त बारा, तीही बंद जागेत, रस्त्यावरून दिसणार नाहीत अशी. घरमालक भाडेकराराने मनाई करू शकतो. सार्वजनिक जागी ओढणं बंद. विक्रीवर १० टक्के खास कर, शिवाय नेहमीचा विक्रीकर, जो तुमच्या फ्रँकलिन काउंटीत २०२३मध्ये साडेसात टक्के आहे. म्हणजे ५० डॉलरच्या मालावर नऊएक डॉलर. इतर राज्यांशी तुलना केली तर हा कर मध्यमच म्हणायचा. मिशिगनमध्ये २०२३मध्ये खास कर १० आणि विक्रीकर ६ टक्के, वॉशिंग्टन राज्यात एकटा खास करच ३७ टक्के. कर फार चढवला की लोक चोरट्या मालाकडेच राहतात, कॅलिफोर्नियाने तो अनुभव घेतला आहे. तेव्हा १० टक्के या आकड्यावर माझा आक्षेप नाही.

आक्षेप आहे तो त्या पैशाच्या वाटणीवर. ३६ टक्के ‘सामाजिक न्याय आणि रोजगार’ नावाच्या निधीला, म्हणजे आधीच्या धरपकडीत ज्यांचं नुकसान झालं त्यांना परवाने आणि कर्जं मिळावीत म्हणून. आणखी ३६ टक्के ज्या गावांत दुकानं उघडतील त्या गावांना, २५ टक्के व्यसनमुक्तीला, ३ टक्के कारभाराला. शाळांना काही नाही. व्यसनमुक्तीचे २५ टक्के मला पटतात. गावाचा वाटाही ठीक, फक्त लक्षात घ्या, तुमच्या सिटी कौन्सिलने दुकानांना बंदी घातली तर (तो अधिकार त्यांना आहे) त्या वाट्यातला एक सेंटही तुमच्या गावाला येणार नाही. पहिला निधी मात्र उद्देश चांगला आणि लिखाण ढिलं असा वाटतो. आणि ज्यांच्या नावाने तो काढला त्यांचे जुने गुन्हे पुसून टाकण्याची तरतूद मात्र यात नाही. धंद्याला परवाना देणार, पण नावावरचा जुना गुन्हा तसाच. हे मला खटकलं.

तुमच्या ह्यांना काळजी वाटते ती पोरांची, शेजाऱ्यांची, वासाची, रस्त्यावरच्या अपघातांची. गव्हर्नर डिवाइन हेच म्हणताहेत, राज्यातल्या मुलांच्या रुग्णालयांची संघटनाही विरोधात आहे, आणि ती मंडळी मूर्ख नाहीत. विशीतल्या मेंदूवर रोजच्या वापराचा परिणाम होतो, घरात कुणाला मानसिक आजार असेल तर धोका आणखी वाढतो, आजचा माल पूर्वीपेक्षा कितीतरी कडक आहे. सगळं खरं. पण ‘नाही’चं मत दिलं म्हणजे ओहायोत गांजा नाही, असा त्यांचा हिशेब असेल तर तो चुकतो. औषधी गांजाचा कायदा २०१६ पासून आहे, दुकानं जानेवारी २०१९ पासून उघडी आहेत. मिशिगनची हद्द तुमच्या दारापासून अडीच तासांवर. तिथे कायदा झाल्यावर एका औंसाला पाचशे डॉलर पडत, ते २०२३मध्ये शंभरच्या खाली आलेत. आणि तुमच्या कोपऱ्यावरच्या गॅस स्टेशनवर काउंटरशेजारी ‘डेल्टा-८’ या गांजासारखीच नशा देणाऱ्या पदार्थाच्या गमीज टांगलेल्या असतील, हेम्पच्या (म्हणजे नशा न देणाऱ्या भांगेच्या जातीच्या) केंद्रीय कायद्यातल्या फटीतून आलेल्या. त्याला ओहायोत आज, २०२३मध्ये, वयाचीही अट नाही. पंधरा वर्षांच्या मुलाने मागितल्या तर दुकानदाराने न देण्याला कायद्याचा आधार नाही. ह्यांना एकदा गॅस भरायला आत पाठवा आणि काउंटर बघून यायला सांगा. वाद निम्मा तिथेच मिटेल.

२०१५ ची आठवण असेल तुम्हाला. तेव्हा इश्यू ३ होता. त्यात गांजा पिकवायच्या दहा जागा ठरलेल्या होत्या आणि त्या जागा ज्यांच्या, त्यांनीच प्रचाराचा पैसा घातला होता. तेही थेट राज्यघटनेत घालायचं होतं. लोकांनी बारीक अक्षरं वाचली आणि जवळजवळ दोन-तृतीयांश मतांनी आपटलं. यंदाचा प्रस्ताव घटनेत जात नाही, साधा कायदा म्हणून येतो. याचा अर्थ विधिमंडळ तो दुसऱ्या दिवशी बदलू शकतं. कर वाढवू शकतं, झाडांची संख्या घटवू शकतं, वाटणी उलटीपालटी करू शकतं. होयवाल्यांना हे दुखणं वाटतं. मला ती जमेची बाजू वाटते, कारण ढिलं लिहिलेलं घट्ट करायची सोय राहते. पण मग मत देताना हेही धरून चाला की आज जे वाचताय तेच वर्षभराने असेल याची खात्री नाही.

मला मत असतं तर, नाक मुरडत, होय दिलं असतं. सीलबंद पाकिटावर मात्रा छापलेली, वय तपासून विकलेली, प्रयोगशाळेत तपासलेली वस्तू मला गॅस स्टेशनवरच्या बेवारस वस्तूपेक्षा बरी वाटते, आणि तुमच्यासारख्या घरातला मुलगा एका गमीसाठी राज्याची हद्द ओलांडून जाणार नाही हेही बरं. तुम्ही सगळं वाचून नाही दिलंत तरी तुमची कारणं माझ्याइतकीच भक्कम असू शकतात. मुलं डोळ्यांसमोर असलेल्या आईला रुग्णालयांचं म्हणणं जास्त जवळचं वाटलं तर त्यात गैर काही नाही. याच मतपत्रिकेवर इश्यू १ गर्भपाताचा आहे. त्यावर तुमचं काही मत असेलच, आणि तेही ह्यांच्या पेनाने जाऊ नये.

म्हणून पोस्टाच्या मताचा तो अर्ज भरू नका. ‘दोघांचे मीच भरतो’ हे ते बिलं भरतात त्याच सवयीने म्हणाले असतील, मी त्यात वाईट हेतू धरत नाही. पण नागरिकत्वाची शपथ तुम्ही स्वतः घेतलीत, मत त्यांनी का द्यावं? भांडायची गरज नाही. ड्रायव्हिंग लायसन्स घ्या (२०२३पासून फोटो ओळखपत्र लागतंच) आणि मोर्स रोडवरच्या काउंटीच्या निवडणूक कार्यालयात जाऊन आधीच मत देऊन या. ५ तारखेच्या रविवारपर्यंत चालू आहे. सोमवारचं लवकर मतदान त्यांनी या वर्षी बंद केलंय, तेव्हा त्या भरवशावर राहू नका. नाहीतर ७ तारखेला तुमच्या नेहमीच्या केंद्रावर, सकाळी साडेसहा ते संध्याकाळी साडेसात. काय दिलंत ते कुणाला सांगायचं बंधन नाही, मुलालाही नाही. हा प्रस्ताव मतपत्रिकेवर यायच्या आधी ६७९ सह्यांसाठी अडला होता, दहा दिवसांच्या मुदतीत त्यांनी त्या गोळा केल्या. त्यामुळे ‘माझ्या एका मताने काय होतंय’ हे मात्र म्हणू नका.

ह्यांना पाकिटाबद्दल सांगा, पण भाच्याशी बोलून झाल्यावर आणि वकिलाची वेळ ठरल्यावर. आज सांगितलंत तर सगळं इश्यू २च्या वादात वाहून जाईल, ‘बघ, मी म्हणत नव्हतो?’ यात दोन दिवस जातील, आणि भाचा दार लावून बसेल. वेळ ठरवून मग सांगा. त्यांचा तो सख्खा भाचा आहे, काळजी त्यांना तुमच्याहून कमी नाही.

वन्संना तुम्ही सांगू नका. मुलगा पंचविशीच्या घरातला, कमावता आहे. स्वतःच्या आईला काय आणि कधी सांगायचं ते तो ठरवील. तुम्ही सांगितलंत तर प्रकरण गमीजचं उरणार नाही, ‘वहिनीने माझ्या मुलाकडे लक्ष दिलं नाही’ एवढंच उरेल, आणि ते पुढची दहा लग्नं पुरेल. एक गोष्ट मात्र त्यांच्याशी आत्ताच बोलून ठेवा: तिकीट बदलता येईल असंच काढायचं. ‘स्टँपिंगच्या तारखांचा भरवसा नाही’ एवढं कारण पुरेसं आहे, आणि ते खोटंही नाही. वकील म्हणाला की या डिसेंबरात देश सोडू नकोस, तर लग्नाला न येण्याचा फोन भाच्यानेच आईला करायचा. तुम्ही तेव्हा फक्त शेजारी बसा.